संगणकाआधी पेढी समजून घ्या

आज कापड बाजारातील लहानशा गाळ्यातही संगणक दिसतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर तर ज्यांना तो नको होता त्यांनाही तो घ्यावा लागला. बिल छापले जाते, विवरणपत्र भरले जाते, बँकेचा मेळ बसतो. पण त्याच पेढीच्या मालकाला विचारून पहा की, या घडीला आपले किती मीटर ग्रे कापड प्रोसेस हाउसमध्ये पडून आहे आणि त्यातले तीन महिन्यांपूर्वीचे किती? तो संगणकाकडे न पाहता मुनीमजींना हाक मारतो आणि मुनीमजी खिशातली डायरी काढतात. म्हणजे खर्च संगणकावर झाला आणि पेढी मात्र अजून डायरीवरच चालते आहे.

यात यंत्राचा दोष नाही आणि मुनीमजींचाही नाही. आपल्या पेढीला कोणती माहिती लागते, कोणत्या वेळी लागते आणि कोणाला लागते, याचा शोध संगणक घेण्यापूर्वी कोणी घेतलेलाच नसतो. या शोधाला सिस्टिम ॲनालिसिस म्हणतात. मराठीत त्याला प्रणाली विश्लेषण असे नाव आहे. मोठ्या कंपन्या त्यासाठी पगारी माणसे ठेवतात. लहान पेढीला हे काम स्वतः करता येते. त्याला एक वही, एक पेन्सिल आणि मालकाचे काही दिवस लागतात. ते कसे करावे, हे या लेखात पाहू.

चहा-केक विकणाऱ्या कंपनीचा धडा

व्यापाराच्या कामासाठी संगणक प्रथम कोणी वापरला, असे विचारले तर बहुतेक जण एखाद्या बँकेचे किंवा विमा कंपनीचे नाव घेतील. प्रत्यक्षात हा मान लंडनच्या जे. लायन्स अँड कंपनीकडे जातो. ही कंपनी चहा, पाव आणि केक विकत असे आणि शहरभर तिची चहाची दुकाने होती. प्रत्येक व्यवहार चार-दोन आण्यांच्या बरोबरीचा, नफा अगदी बारीक, आणि रोजच्या कागदांचा ढीग मात्र मोठा. हा प्रकार आपल्या ओळखीचाच आहे.

या कंपनीत केंब्रिजमध्ये गणित शिकलेले जॉन सिमन्स १९२३ साली नोकरीस लागले. त्यांच्या देखरेखीखाली १९३० च्या दशकात कंपनीने एक स्वतंत्र विभाग चालवला. कचेरीतील प्रत्येक कागद कशासाठी लिहिला जातो, तो कोण वाचतो आणि तो नसेल तर काय अडेल, हे तपासणे एवढेच त्या विभागाचे काम. त्या काळी संगणक जन्मालाही आला नव्हता. म्हणजे आपल्या कामाची ओळख या लोकांनी आधी करून घेतली आणि यंत्र नंतर आले.

१९४७ साली कंपनीचे दोन अधिकारी, थॉम्पसन आणि स्टँडिंगफर्ड, कचेरीची नवी साधने पाहण्यासाठी अमेरिकेस गेले. तेथे त्यांना इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांची माहिती मिळाली आणि असे यंत्र आपल्या घराजवळ केंब्रिज विद्यापीठातच तयार होत असल्याचेही कळले. लायन्सने त्या कामाला तीन हजार पौंडांची मदत दिली. पुढे त्याच धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधून त्याला ‘लिओ’ असे नाव दिले. नोव्हेंबर १९५१ पासून बेकरीतून निघणाऱ्या मालाच्या किमतीचा साप्ताहिक हिशेब लिओवर नियमित होऊ लागला. कामगारांचा पगारही पुढे त्यावर आला. एका माणसाच्या पगाराच्या हिशेबाला कसलेल्या कारकुनाला सुमारे आठ मिनिटे लागत, लिओला दीड सेकंद लागे.

पण खरा धडा या वेगात नाही. तो १९५४ साली सुरू झालेल्या दुकानांच्या मागणीच्या कामात आहे. प्रत्येक दुकानाची व्यवस्थापिका रोज दुसऱ्या दिवसासाठी पदार्थांची लांबलचक यादी भरून पाठवत असे. डेव्हिड कॅमिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कामाचा अभ्यास केला. सोमवारची मागणी साधारण मागच्या सोमवारसारखीच असते आणि बदल थोडेच असतात, हे त्यांनी हेरले. मग प्रत्येक वाराची कायम मागणी यंत्रात ठेवली गेली. ठरलेल्या वेळी दुकानाला फोन जाई, व्यवस्थापिका फक्त बदल सांगे आणि तेवढेच कार्डावर टिपले जाई. लांब यादी भरण्याची पद्धतच संपली. जुनाच फॉर्म यंत्रावर चढवला असता तर यादी फक्त लवकर छापून आली असती, दुकानातल्या बाईची मेहनत तेवढीच राहिली असती. लिओची स्मरणशक्ती आजच्या साध्या मोबाइलपुढे नगण्य होती, तरी त्यावर हे काम झाले, कारण काम आधी समजून घेतले होते.

उत्तरापासून मागे चला

आता आपल्या पेढीकडे वळू. बहुतेक जण सुरुवात या प्रश्नाने करतात की, ‘कोणता प्रोग्राम चांगला?’ हा प्रश्न सर्वात शेवटचा आहे. पहिले पान उघडून मालकाने स्वतः लिहावे की, मला रोज, दर आठवड्याला आणि दर महिन्याला कोणते निर्णय घ्यावे लागतात. कोणाला उधार द्यावे आणि कोणाला थांबवावे? कोणत्या विणकराला कधी पैसे द्यावेत? कोणत्या क्वालिटीचे कापड पुन्हा विणवावे? कोणत्या प्रोसेस हाउसला पुढचा लॉट देऊ नये? प्रत्येक निर्णयासमोर त्यासाठी लागणारी माहिती लिहावी. त्यापुढे ती माहिती आज कोठे आहे हे लिहावे: बिलात, चलनावर, गोदामाच्या रजिस्टरमध्ये, दलालाच्या तोंडी की मुनीमजींच्या डायरीत. शेवटच्या रकान्यात, ती कोणी आणि कोणत्या वेळी नोंदवावी हे लिहावे.

एक उदाहरण घेऊ. समजा आपण १०,००० मीटर ग्रे रंगाईला दिले. आटण्याची घट चार टक्के ठरली आहे, म्हणजे ९,६०० मीटर परत यायला हवे. माल एकदम येत नाही. आधी ४,२०० मीटर, पंधरवड्याने ३,१०० आणि पुढच्या महिन्यात १,५०० मीटर येतो. त्याशिवाय फेंट आणि सेकंड मिळून २५० मीटर. बेरीज झाली ९,०५०. राहिलेले ५५० मीटर कोठे गेले? ४० रुपये मीटरने हे २२,००० रुपये होतात. वर्षात असे वीस लॉट निघाले तर ४ लाख ४० हजार रुपये. बिलाचा प्रोग्राम हे कधीच सांगणार नाही, कारण त्याला रंगाईचे बिल कळते, लॉट कळत नाही. परत आलेल्या तिन्ही चलनांवर पाठवणीचा एकच लॉट नंबर असेल तरच हा हिशेब लागतो. म्हणजे गरज आहे ती एका रकान्याची, आणि तो भरणाऱ्या गोदामवाल्याची.

याच कामाला कायद्याची बाजूही आहे. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार जॉबवर पाठवलेला कच्चा माल, मुदतवाढ मिळाली नसेल तर, एका वर्षाच्या आत परत यावा लागतो किंवा तेथूनच पुढे विकला जावा लागतो. नाही तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असे धरून कर मागितला जातो. पुरवठादाराला बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या बिलावर घेतलेली कराची वजावट परत करावी लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही नवी तरतूद आली. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले नाहीत, तर त्या खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच मिळते. चार माग चालवणारा विणकर नोंदणीकृत असेल तर तो या संरक्षणात येतो. म्हणून त्याच्या खात्यावर उद्यम नोंदणी क्रमांक आणि कराराची मुदत असे दोन रकाने हवेत. ते नसतील तर विणकराचेही नुकसान आणि आपलेही.

कागदाच्या मागे चालत जा

दुसरे काम आहे पाहणीचे. कामाविषयी विचारले की माणूस काम कसे व्हायला हवे ते सांगतो. प्रत्यक्ष कसे होते ते पाहिल्यावरच कळते. म्हणून एक ताका घ्या आणि त्याच्या मागे चालत जा. सौदा दलालाच्या फोनवर झाला, त्याची चिठ्ठी कोणी लिहिली? माल आल्यावर मीटर कोणी मोजले? कमी भरलेला ताका कोठे नोंदला? बिल आणि चलन कोणी पडताळले? पैसे देताना वटाव कोणी ठरवला? हे सर्व एका मोठ्या कागदावर बाण काढून दाखवा. जेथे बाण एखाद्या माणसाच्या खिशात किंवा डोक्यात जाऊन थांबतो, तेथे खूण करा. तो माणूस आठ दिवस आजारी पडला तर पेढीचे तेवढे काम थांबणार, हे ओळखा.

एक-दोन दिवस पाहून भागत नाही. आठवड्याच्या चुकाऱ्याचा दिवस, महिनाअखेर आणि ईद-दिवाळीपूर्वीची गर्दी, या तिन्ही वेळी काम वेगळ्या रीतीने चालते. सुस्त दिवसाकडे पाहून बांधलेली पद्धत गर्दीच्या दिवशी मोडते.

आमच्या बाजारात भाषेचाही एक प्रश्न आहे, तो प्रोग्राम विकणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. आमच्या पिढीतील अनेकांचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. गोदामाचे रजिस्टर उर्दूत असेल तर त्याचे रकाने उजवीकडून सुरू होतात. संगणकावरचा मुलगा डावीकडून वाचत गेला की ताक्यांचा आकडा मीटरच्या जागी पडण्यास वेळ लागत नाही. नावांचेही तसेच आहे. मोहम्मद, मोहंमद, मुहम्मद आणि एम.डी. अशी एकाच पार्टीची चार खाती तयार होतात. प्रत्येक खात्यावर थोडी थोडी बाकी दिसते, म्हणून तगादा कोणी करत नाही. एकत्र केली तर रक्कम मोठी असते. कापडालाही विणकराचे नाव एक, दलालाचे दुसरे आणि गिऱ्हाइकाचे तिसरे. यावर उपाय म्हणजे प्रत्येक पार्टीला आणि प्रत्येक क्वालिटीला एकच क्रमांक देणे, आणि नवे खाते उघडण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवणे. हे काम यंत्र येण्यापूर्वी वहीतच करून घ्यावे.

अपवादातच धंदा असतो

विक्री झाली, बिल झाले, पैसे आले, एवढे कोणताही प्रोग्राम सांभाळतो. पण कापडाचा धंदा एवढा सरळ नाही. जांगड दिलेला माल घ्या. तो विकला गेलेला नाही आणि गोदामातही नाही. त्याचे बिल केले तर खोटी विक्री दिसते आणि नोंद केली नाही तर माल विसरला जातो. त्याला स्वतंत्र जागा आणि मुदतीची तारीख हवी. तसेच गिऱ्हाईक बिलाप्रमाणे पैसे न देता हिशेबापोटी ५०,००० रुपये पाठवतो. ते कोणत्या बिलाचे हे ठरवले नाही तर कोणाची उधारी किती दिवसांची हे कळतच नाही. बिल झाल्यावर परत आलेला डागी ताका, सौद्यानंतर दलालाने सोडलेली घट, असे सर्व प्रकार मुनीमजींकडून ऐकून लिहून घ्यावेत. त्यांचा तजुर्बा येथे सोन्याच्या मोलाचा आहे. ही यादी जितकी पूर्ण, तितका प्रोग्राम उपयोगी.

अपवाद विसरल्याने काय होते याचे मोठे उदाहरण लंडनमध्येच घडले. तेथील रुग्णवाहिका सेवेकडे रोज दोन ते अडीच हजार फोन येत. फोनवरील माहिती कागदावर लिहून तो कागद पट्ट्यावरून पुढे सरकवला जाई आणि माणसे गाडी ठरवत. हे काम २६ ऑक्टोबर १९९२ रोजी संपूर्ण शहरासाठी एकदम संगणकावर सोपवण्यात आले. प्रत्येक गाडी नेमकी कोठे आहे हे यंत्राला जवळजवळ अचूक कळेल, असे गृहीत धरलेले होते. प्रत्यक्षात काही भागांत रेडिओ पोहोचत नव्हता, धावपळीत कर्मचाऱ्यांकडून बटणे चुकीची दाबली जात आणि नेमलेली गाडी सोडून दुसरीच गाडी घेऊन निघण्याची सवयही होती. यंत्राची माहिती चुकत गेली, एका रुग्णासाठी दोन गाड्या निघाल्या तर दुसरा वाट पाहत राहिला. उत्तर न मिळाल्याने लोक पुन्हा फोन करू लागले आणि सूचनांची यादी पडद्यावरून वर सरकून दिसेनाशी होऊ लागली. दुसऱ्याच दिवशी अर्धे काम हाताने करावे लागले आणि ४ नोव्हेंबरला यंत्रणा बंद पडून पुन्हा कागद आला. फेब्रुवारी १९९३ मध्ये चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. घाई, पुरेशी चाचणी न होणे आणि काम करणाऱ्यांना विश्वासात न घेणे, हे दोष त्यात नमूद झाले. पुढे १९९६ साली तेथे नवी यंत्रणा आली. ती कर्मचाऱ्यांना बरोबर घेऊन, साध्या कामापासून टप्प्याटप्प्याने उभारली होती आणि ती टिकली.

माणसांना बरोबर घ्या

मुनीमजींना वाटते की डायरीतले सारे यंत्रात गेले की आपली गरज संपली. गोदामवाल्याला वाटते की आपल्यावर पहारा बसवला जातो आहे. ही भीती मनात राहिली तर ते खरी माहिती देणार नाहीत, आणि त्यांच्यावर रागावून ती मिळणारही नाही. मालकाने सुरुवातीलाच सांगावे की हिशेब माणसाचा नाही, मालाचा घेतला जात आहे, आणि नव्या पद्धतीत कोणाची कोणती जबाबदारी राहील हेही स्पष्ट करावे. त्यांचा मशवरा घेऊन केलेली नोंदीची पद्धत ते आपली मानतात.

त्याच वेळी अधिकारही वाटून द्यावेत. बिल करणारा, पैसे घेणारा आणि वटाव मंजूर करणारा एकच असू नये. छापलेले बिल नंतर कोणी बदलले, कधी बदलले आणि आधी काय होते, याची खूण प्रोग्रामने ठेवली पाहिजे. कंपन्यांसाठी अशी नोंद १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची आहे. भागीदारीच्या पेढीवर सक्ती नसली तरी भागीदारांमधला विश्वास टिकवण्यासाठी ती फार उपयोगी पडते.

आता विक्रेत्याला बोलवा

येथवरचे काम झाले की आपल्या हातात चार-सहा पाने असतील. त्यांत निर्णयांची यादी, कागदांचा नकाशा, क्रमांकांची पद्धत, अपवाद आणि अधिकार असतील. ही पाने पुढे ठेवून मगच विक्रेत्याला बोलवावे. त्याच्या नमुन्याच्या पार्ट्या आणि नमुन्याचा माल पाहत बसू नये. आपलाच एक अर्धवट परत आलेला लॉट, एक जांगड व्यवहार आणि एक हिशेबापोटी आलेली रक्कम त्याच्याकडून भरून घ्यावी आणि उत्तर पडद्यावर मागावे. जे होत नाही ते ‘नंतर करून देऊ’ असे तोंडी सांगितले तर कागदावर तारखेसह लिहून घ्यावे. आपली सर्व माहिती आपल्याला हवी तेव्हा दुसऱ्या प्रोग्रामला चालेल अशा रूपात काढून मिळेल, हेही करारात असावे. रोजची प्रत पेढीबाहेर ठेवावी, आणि ती उघडते की नाही हे महिन्यातून एकदा पाहावे.

सुरुवातीला जुनी वही आणि नवा प्रोग्राम किमान एक महिनाअखेर बरोबर चालवावेत. दोन्हींच्या आकड्यांत फरक निघेल. त्या प्रत्येक फरकाचे कारण शोधावे; काही वेळा वही चुकलेली असेल, काही वेळा नोंद. कारण सापडेपर्यंत वही बंद करू नये. आणि सर्व कामे एकदम चढवू नयेत; आधी जॉबवरचा माल, तो बसला की उधारी, त्यानंतर विणकरांचे देणे, असा क्रम ठेवावा.

हे सर्व करताना काही पेढ्यांना असेही आढळेल की नव्या प्रोग्रामची गरजच नाही. आहे त्याच प्रोग्राममध्ये लॉट नंबरचा रकाना रिकामा पडलेला असतो आणि चलनावर तो नंबर लिहिण्याची शिस्त तेवढी नसते. तसे असेल तर खर्च एका रबरी शिक्क्याचा आहे. ज्यांना खरोखर नवा प्रोग्राम लागेल त्यांनी येत्या महिन्यात पहिले पान लिहावे, आणि त्यावर पहिला प्रश्न हाच ठेवावा की, आज माझा किती माल, कोणाकडे, किती दिवसांपासून पडून आहे. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी किती माणसांना हाक मारावी लागली, तेही त्याच पानावर टिपून ठेवावे.